न धुतलेलं पान

जस्ताची भट्टी बंद पडून सत्तावीस वर्षं झाली.
धुराडं तेवढं उभं आहे,
आणि त्याच्या पायथ्याशी कामगारांना वाटून दिलेले बागेचे तुकडे:
प्रत्येकी तीन गुंठे, एक लाकडी खोपटं, एक नळ.

तुकडा क्रमांक एकेचाळीस. अलोयझी स्मोल्का.
इकडे पोलंडात पुरुषाला मानानं 'पान' म्हणतात.
पान अलोयझी.
पहिल्या आठवड्यात हाक मारताना हसू फुटायचं मला
आणि का ते कुणालाच सांगता यायचं नाही.

यंत्र दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखं.
नाक मातीला टेकवायचं, चाप ओढायचा,
नव्वद सेकंद हलायचं नाही.
"आत काय चालतं?" तो विचारतो.
मोडक्या पोलिशमध्ये सांगते:
अणूच्या अगदी आतल्या खोलीतून एकाला हुसकून लावतो आपण.
वरच्या मजल्यावरचा लगेच त्या जागी उतरतो
आणि उतरताना उजेड सांडतो.
प्रत्येक धातूचा उजेड निराळा. त्यावरून ओळखायचं.
"आमच्या वसाहतीत असंच," तो म्हणतो,
"जिन्यावर कोण आहे ते बुटांवरून कळायचं.
हिल्डाला तर माझे बूट फाटकापासून कळत."

आधी लोखंड, ते कुठं नसतं?
मग जस्त, उतू जाईल इतकं.
मग शिसं.
शिशाची पहिली रेघ नेमकी सोमलाच्या पहिल्या रेघेवर पडते,
एकाच्या आडोशाला दुसरा उभा.
शिशाची दुसरी रेघ शोधायची, तिच्यावरून शिसं धरायचं,
वजा करून उरेल तो सोमल.
हे काही मी त्याला सांगत नाही.

ओल असली की यंत्र हात राखून सांगतं.
म्हणून चार पुड्या बांधून घेते,
वाळवून, चाळून, पुन्हा मोजायला.
तरी पडद्यावरचा आकडा चार अंकी आहे
आणि तो त्याला वाचता येतो.

भाजी दोनदा मोजायची:
एकदा आहे तशी, एकदा धुऊन.
जे धुऊन गेलं ती धूळ.
राहिलं ते झाडानं स्वतः ओढून घेतलेलं.
पार्सलीची एक जुडी तो माझ्या हातून काढून घेतो, नळाखाली धरतो.
एकेक पान. पाठीमागून, शिरेशिरेतून,
पोराच्या कानामागचा मळ काढावा तसं.
"हिल्डा भट्टीतले कपडे असेच धुवायची माझे.
स्वयंपाकघरात. एकोणीस वर्षं."
नळ बंद करतो. पुन्हा सुरू करतो. पुन्हा धुतो.

तीन आठवड्यांनी मी कागद घेऊन जाते.
धुतलेल्यात कमी आहे, पण कमी म्हणजे थोडं नव्हे.
आलुबुखार खा, फळापर्यंत फारसं चढत नाही.
पार्सली नको. बीट नको. मुळं नकोतच.
मुळावर येणं म्हणजे काय, ते कुठल्या भाषेत सांगू?

तो बोटं मोजत बसतो.
दुसऱ्या मजल्यावरची इरमगार्डा.
चर्चमधला ऑर्गन वाजवणारा.
नातीचं पोर, दर रविवारी, सूपमध्ये.
एवढ्या वर्षांच्या जुड्या, रबर लावून, फुकट.

मग टेबलावर तळहात पसरतो.
"इथं लाव."
नाही लावता येत. माणसांसाठी नाही हे.
"नव्वद सेकंद. मी हलणार नाही."
मी यंत्राची पेटी मिटते.
हात तसाच राहतो टेबलावर बराच वेळ,
नखांत माती, तिच्यात काय आहे ते आता आम्हा दोघांना ठाऊक.

निघताना तो बरणी देतो, आलुबुखाराचा मुरंबा,
झाकणावर गेल्या वर्षाची तारीख.
"अंगावर मांस नाही तुझ्या," म्हणतो.
अंगी लागेल, असं आमच्याकडे म्हणतात.

बरणी प्रयोगशाळेत आहे, यंत्राच्या शेजारी.
अजून उघडलेली नाही.
मोजलेलीही नाही.